लाल शाईच्या मॅडम

कॉलेजात जावा ही संगणकाची भाषा शिकवणाऱ्या आमच्या मॅडमना सगळा वर्ग आग्यामोहोळ म्हणायचा. प्रोग्राम चुकला की त्या एक शब्द न बोलता सगळा पुसून टाकायच्या. दोन तासांचं टायपिंग क्षणात साफ. मी रडले आहे, मनातल्या मनात शिव्याही घातल्या आहेत. पण प्रोग्राम पुन्हा लिहून होईपर्यंत त्या शेजारी बसून राहायच्या आणि त्यात त्यांचीच एसटी चुकायची.

माझा पहिला मेनूवाला प्रोग्राम तसाच गेला. एक दाबलं की मैत्रिणीचं नाव नोंदवायचं, दोन दाबलं की यादी दाखवायची. चार नावं भरली, दोन दाबलं, यादी रिकामी! "एरर तर येत नाही, मॅडम," मी म्हणाले.

"एरर येत न्हाय म्हणजे बरोबर हाय व्हय?" त्या कडाडल्या. "मेनू फिरला की दर वेळी नावं ठेवायचा ऑब्जेक्ट नवा करायलीस. ह्या कंसात जन्मला, ह्याच कंसात मेला. मेल्यावर नावं कुणाला विचारतीस?" मग माझं बोट धरून उघडत्या कंसापासून मिटत्या कंसापर्यंत फिरवलं. ऑब्जेक्टची ओळ मी लूपच्या, म्हणजे मेनू फिरवणाऱ्या त्या कंसाच्या, वर नेली आणि चारही नावं दिसली.

हीच चूक विभागप्रमुख सरांनी काढलेल्या प्रात्यक्षिकाच्या छापील जर्नलमध्ये होती. वर्षानुवर्षं पोरं ती सुवाच्य अक्षरात उतरवून पास होत होती. मॅडमनी प्रत्येकाच्या जर्नलात लाल शाईनं दुरुस्ती केली. तासिका तत्त्वावरच्या बाईची ही हिंमत! सरांचा तिळपापड झाला. त्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं, साक्षीला मलाही.

"जर्नलमधला प्रोग्राम बरोबर आहे की नाही? तू सांग."

प्रात्यक्षिकाचे गुण त्यांच्याच हातात होते. "बरोबर आहे, सर," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी त्यांना तास दिले नाहीत. मला प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी पडले. त्या गुणपत्रिकेची आजही चीड येते. सरांची येतेच, पण नंदीबैलासारखी मान हलवणाऱ्या माझी जास्त येते.

परवा येरमाळ्याच्या स्टँडवर मॅडम दिसल्या. भूमला शिकवण्या घेतात म्हणाल्या. मी पाया पडले. "आता तरी समजलं का गं, ते ऑब्जेक्टचं?" त्यांनी विचारलं.

"तेव्हाच समजलं होतं, मॅडम."

भूमची गाडी लागली. पिशवी उचलत त्या म्हणाल्या, "त्याचाच तर राग हाय मला."