तोप्पूरचा उतार

लांबच्या गाडीवर यायचं म्हणणाऱ्या नव्या माणसाला मी माझी पहिली खेप सांगतो. माझ्या गावची, धावड्याची शेती भावाकडं सोपवून मी बत्तिसाव्या वर्षी ट्रकवर चढलो. जालन्याहून कोइमतूरला सळई न्यायची होती. शेजारी मला गाडी शिकवणारे उस्ताद बसले होते. याच रस्त्यावर त्यांची उमर गेलेली. तमिळनाडूत तोप्पूरचा घाट आला तेव्हा वाटलं, आता स्टेअरिंग तेच घेतील. ते जागचे हलले न्हाईत.

"उतार लागायच्या आधीच दुसरा गिअर टाक," ते म्हणाले. "ब्रेकवर पाय ठिवून बसलास तर ब्रेक तापतील, मंग ऐन वेळेला लागणार न्हाईत."

मागून बसवाले, टँकरवाले हॉर्न वाजवून राह्यले होते. मी बावरलो.

"जाऊ दे त्यांना पुढं. आपल्याला जल्दी न्हाई."

सळईचं वजन मागून ढकलत होतं, पण दुसऱ्या गिअरातल्या इंजिनानं ते बराबर धरून ठेवलं. खाली सपाटीला मी गाडी बाजूला घेतली. उस्तादांनी उतरून चाकाजवळ हात नेला.

"बघ, तापलेच न्हाईत. डायवर झालास तू!"

मी बायकोला फोन लावून ओरडलो, "उतरवली!" कोणता घाट, किती अवघड, तिला काही ठाऊक नव्हतं, तरी तीही माझ्यासंगं हसत सुटली.