चॅनलच्या माणसांना वाढलेले धपाटे

गाण्याच्या रिअॅलिटी शोमध्ये माझी निवड झाली आणि चॅनलची माणसं शूटिंगला रेणापूरला आमच्या घरी आली. मी मूर्ख, त्यांना पाहुणे समजलो. धपाटे वाढले. जेवता जेवता त्यांची दिग्दर्शिका मायेनं म्हणाली, "दादा, घरातलं काही सांगा ना." पाहुण्यानं विचारल्यावर माझं तोंड थांबतंय होय? आईच्या दहाव्याला थोरला भाऊ पिऊन पडला होता, हे मी सांगून टाकलं. त्यानंतर पाच वर्षं त्यानं थेंबही घेतलेला नाही, हेसुद्धा सांगितलं. कॅमेरा चालूच होता.

टीव्हीवर माझं गाणं अर्धा मिनिट दाखवलं आणि भावाची दारू चार मिनिटं, रडक्या संगीतासकट. पाच वर्षांचं वाक्य मात्र कापलं होतं.

मी फोन केला, तर दिग्दर्शिका म्हणाली, "सर, तुम्ही सही केलीय." तिसरा धपाटा हिनंच मागून घेतला होता. असल्या माणसांना पाणीसुद्धा विचारू नये.

भाऊ लातूरला शाळेची व्हॅन चालवायचा. पालकांनी आठवड्यात शाळेला त्याला कामावरून काढायला लावलं. तो घरी आला, चप्पल काढली आणि म्हणाला, "तुझं गाणं लई बेकार हाय. चार मिनिटं तेच दाखवलं असतं, तर लोक तुलाच हसले असते."