इंग्रजीतलं पुरे

वर्तकनगरच्या शिवरामकाकांना पंगतीत वाढणाऱ्याचा हात कधीच थांबवता आला नव्हता. ‘पुरे’ म्हटलं की पानात एक जिलबी पडायची, ‘खरंच पुरे’ म्हटलं की दोन. आता शुगर तीनशेला टेकलेली, आणि नौपाड्यात पुतण्याच्या साखरपुड्याची पंगत.

“बाबा, इंग्रजीत सांगा,” लेक संचिता म्हणाली. “आमच्या ऑफिसात ‘लेट्स स्टॉप हिअर’ म्हटलं की मॅनेजरसुद्धा गप्प बसतो.”

काकांनी रिक्षात वाक्य घोकलं. पंगतीत सुरुवातीलाच नवरीचा भाऊ सुदेश जिलब्या घेऊन वाकला, तसे ते ताठ बसून म्हणाले, “लेट्स स्टॉप हिअर, प्लीज.”

सुदेशचा हात हवेतच राहिला. “सॉरी, सर,” म्हणत तो पुढे सरकला. काकांची छाती फुगली.

पण सुदेशने आत जाऊन सगळ्यांना बजावलं असावं. पुरी, भाजी, मठ्ठा, सगळं शेजाऱ्याच्या पानापर्यंत यायचं आणि काकांना वळसा घालून जायचं. त्यांच्यापुढे नुसतं मीठ, लिंबू आणि चटणी. पोटात कावळे ओरडत होते.

शेवटी मसालेभात घेऊन नवरीची आई आली. तीही पुढे सरकणार, एवढ्यात काकांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले आणि कळवळून म्हणाले, “नको, नको! पुरे हं, विहीणबाई! अगदी नको!”

विहीणबाईंचा चेहरा खुलला. “असं कसं नको?” म्हणत त्यांनी बोटांच्या फटीतून दोन डाव भात वाढला आणि मागे वळून हाक मारली, “सुदेश, अरे, जिलबी आण! हे तर आपल्यातलेच निघाले!”