घराला बंडी

आमच्या शेजारच्या ड्रॉइंग मास्तरांनी मला जितकं जळवलं, तितकं आष्टीच्या उन्हानेही कधी जळवलं नाही. मोठा दुष्काळ सरल्यावरच्या उन्हाळ्यात, नुकतेच पेन्शनीत निघालेल्या या माणसाने आपल्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला लाकडी पट्ट्या ठोकल्या, मध्ये कडबा दाबून भरला आणि वरून तेलाचे डबे फोडून सपाट केलेले पत्रे जडवले. सांध्यांत डांबर, त्यावर चुना. "हे काय?" म्हटलं, तर म्हणाले, "घराला बंडी शिवून राह्यलो, भाऊ. आता ऊन न्हाई, पाऊस न्हाई, बिलकुल काही आत येणार न्हाई."

मला आकड्याशिवाय पटत नाही. थर्मामीटर घेऊन गेलो. भर दुपारी माझ्या घरात एकशेपाच, त्यांच्याकडे सत्त्याण्णव. आपला बिघडला असेल म्हणून दुसरा मागून आणला. त्याने शहाण्णव दाखवले. मास्तरांचं सगळंच असं. छत्रीला आतून पांढरं अस्तर, माठाला गोणपाटाची टोपी, चपलेत सतरंजीचा तुकडा. वर दुपारी रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही हाताला धरून आत ओढायचे आणि दार लावत ओरडायचे, "या जल्दी, थंडावा बाहेर चालला!" बघता बघता माझी बायकोही निवडायचं धान्य घेऊन तिकडे बसू लागली. दुपारचा चहा मी एकटा करून पिऊ लागलो. "तुम्हीही या की," ती म्हणायची. कसा जाणार? आमचीही भिंत पश्चिमेचीच होती आणि मला ते सुचलं नव्हतं.

पत्र्याखाली वीतभर फट राहिली होती. एके दिवशी माझी म्हैस दावं तोडून गेली आणि तोंड पोचेल तिथवर मास्तरांची भिंत खाऊन आली. मनातून खूश होऊन, चेहरा पाडून, मी माफी मागायला गेलो. मास्तर पोट धरून हसत होते. "भाऊ, तुमच्या घरात माझी भिंत न आवडणारे आता तुम्ही एकलेच राह्यले!" आणि त्यांनी कडब्याच्या जागी शेंगांची टरफलं भरायला घेतली.

पुढे मास्तर मुलाकडे वाटूरला राहायला गेले. घरात भाडेकरू आला. दुपारी त्याचं दार बंद असतं. आत अजून तसाच थंडावा असेल, पण थर्मामीटर घेऊन कोणाकडे जायचं? बायको आता घरीच असते, मला हवं होतं तसं. घाम पुसत आम्ही समोरासमोर चहा पितो. परवा तिने सहज विचारलं, "वाटूरची एस.टी. दुपारी कितीला असते हो?"

मी लगेच वेळ सांगितली. मला पाठ होती.