दोन झाडं, एक अंबाडी

राज्यांची फेररचना झाली आणि बेल्याजवळचं आमचं गाव जागचं न हलता आंध्रात गेलं. शेजारचा तालुका मुंबई राज्याला मिळाला. निजामाची उर्दू गेल्यावर बऱ्याच खटपटीनं मिळालेला शाळेतला मराठी वर्ग आता ठेवायचा की बंद करायचा, हे बघायला आंध्र सरकारचे एक तेलुगू साहेब यायचे होते. मी तिसरीत होते.

गुरुजींनी आमच्याकडून आठवडाभर कविता घोकून घेतली. साहेबांनी ती ऐकताना सगळं लक्ष कुंपणाकडे दिलं. मग उठून दोन डहाळ्या तोडून आणल्या नि हिंदीत विचारलं, "ये क्या है?"

"अंबाडी," अख्खा वर्ग ओरडला.

"और ये?"

"अंबाडी."

साहेब पोटभर हसले. दोन झाडांना एकच नाव देणारी भाषा त्यांनी म्हणे पहिल्यांदाच पाहिली. खरं तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही फरक कळतो. भाजीच्या अंबाडीचा दांडा लाल, गुळगुळीत, बोंडं रसाळ आणि आंबट. दोराच्या अंबाडीला बारीक काटे, बोंडं कोरडी. ती कुजवून पोळ्याचे नवे दोर वळतात. फुलं मात्र दोघींची पिवळी, आत लालभडक. शिकलेली माणसं तिथंच फसतात. गुरुजींनी हे सांगायचं, तर तेही साहेबांबरोबर हसत होते.

मला मराठीचा अपमान सोसवेना. मी उभी राहिले. आईसोबत बाजारात भाजी विकायला बसून उचललेलं तेलुगू तोंडावर फेकलं, "साहेब, ही भाजीची, गोंगुरा. ही दोराची, गोगु."

साहेबांनी माझी पाठ थोपटली. असं मन लावून केलेलं सरकारी काम मी पुन्हा पाहिलं नाही. तिथंच बसून त्यांनी शेरा लिहिला, मुलांना तेलुगू उत्तम समजते, वेगळ्या मराठी वर्गाची गरज नाही.

"काऊन बोल्ली तू?" बाबांनी घरी विचारलं.

"मले वाटलं, आपली इज्जत जाऊन राह्यली."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

जूनमध्ये गुरुजींची बदली झाली. मला धाकट्या भावाशेजारी पहिलीत बसवलं, तेलुगू मुळाक्षरं गिरवायला. माझ्या वर्गातल्या बाकीच्या पोरी शाळेत परत आल्याच नाहीत. त्यांना तर तेलुगूचा एक शब्दही येत नव्हता.