पिशवीतलं मेंटल

मला लिहिण्याचा सराव नाही, आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर माफ करा. परवा अक्कलकोटच्या बाजारात गॅसबत्तीचं मेंटल, ती पेटल्यावर उजेड देणारी जाळी, दिसलं आणि सोलापूरच्या कॉलेजातली गरम प्रयोगशाळा आठवली. किरणोत्सर्गाचा कण आदळला की मेमरी चिपमधल्या शून्याचा एक होतो, हे मला प्रोजेक्टमध्ये दाखवायचं होतं. जुन्या मेंटलमध्ये थोरियम हे किरणोत्सर्गी द्रव्य असतं, म्हणून वडिलांनी, आप्पांनी, एका जुन्या दुकानात पडून राहिलेलं एक शोधून आणलं. "जपून रं, लई नाजूक हाय," म्हणाले. जुन्या चिपचं झाकण काढून मी मेंटल तिच्यावर ठेवलं आणि चिपमध्ये सगळी शून्यं भरली. आठ दिवस एकही शून्य हललं नाही. नापास झालो तर शिक्षण बंद, हे घरी ठरलेलं होतं. एक आकडा हातानंच बदलावा, असंही मनात आलं. तोंडी परीक्षेच्या सकाळी प्रयोगशाळेतले शिपाईमामा म्हणाले, "पिशवी कशाला ठिवलीस? लग्नातला सोफा हाय व्हय?" मेंटल अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होतं. नव्या वस्तूची पिशवी काढायची नाही, ही आमच्या घरची सवय. आणि ते कण तर साध्या कागदानंही अडतात. पिशवी काढून मेंटल पुन्हा चिपवर ठेवलं आणि मी परीक्षेला आत गेलो. "काही दिसलं?" बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी विचारलं. "नाही सर." त्यांनी 'अपूर्ण' लिहून वही मिटली. एसटीत बसलो तेव्हा शिपाईमामांचा फोन आला. मी काय बोललो ते आज आठवत नाही, मामांचंच आठवतं: "सर गेलं रं, पन हितं एका शून्याचा एक झालाय की."