यादीतलं चौथं पत्र

प्रेमिला सोनकुसरे भित्री होती. हे मी तिच्या माघारी सांगत नाही, ती स्वतःच सांगायची. तांडापेठेतून सायकल काढली की मागून ट्रक येईल याची भीती. सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसात पोचली की मस्टर उचललं गेलं असेल याची भीती. आणि काचेच्या खोलीत चपला काढून शिरली की आज तो कॉम्प्युटर आपल्याच हातून बंद पडणार याची. दोन वर्षांत यातलं एकही झालं नव्हतं. पण झालं नाही म्हणून भीती जाते, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

साल एकोणनव्वद. सरकारी ऑफिसात ती ऑपरेटर होती, तात्पुरती. सहा महिन्यांची ऑर्डर निघायची, संपत आली की पुन्हा जीव टांगणीला. वडील नत्थूजींचा हातमाग तीन वर्षांपासून बंद होता. त्यावर आता घरची गोधडी वाळत पडायची. आई जनाबाईला दमा. घर चालायचं ते पोरीच्या पगारावर, दुसरं काही नव्हतं. चौथी ऑर्डर मार्चअखेर संपत होती.

आदल्या वर्षीच साहेबांची पत्रं कागदावरून उठून कॉम्प्युटरात गेली होती. गजभिये साहेब पडद्यासमोर बसून पत्र टाइप करायचे. ते मशीनच्या पोटात थांबायचं आणि संध्याकाळी फोनची लाइन लागली की दिल्लीला जायचं. लागली तर! आमच्या नागपूरच्या लाइनचे नखरे काय सांगू तुम्हाला. कधी कधी चार-चार दिवस मुकी.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नवं मशीन आलं. जुनं मशीन कंपनीची माणसं त्याच दुपारी चार वाजता उचलून नेणार होती. साहेब काटोलला दौऱ्यावर निघाले होते. जाता जाता दारातून म्हणाले, "प्रेमिलाबाई, माझं बिऱ्हाड नीट हलवा बरं. आलेली पत्रं, गेलेली पत्रं, पत्त्यांची यादी, सगळं. आणि लाइन मेल्यामुळे थांबलेली आहेत ती पण. नाही तर जातील जुन्या डब्याबरोबर."

"हो साहेब," ती म्हणाली. बिऱ्हाड हलवायचं म्हणजे भांडी मोजून घेता येतात, गाद्या बांधता येतात. इथं हाताला लागेल असं काहीच नाही. जुन्या मशीनवर एकेका पत्राचं नाव टाइप करायचं, ते टेपवर उतरायचं, टेप काढून नव्या मशीनला लावायची आणि तिथं सगळं चढलं का ते पाहायचं. एक नाव राहिलं तर ते राहिलंच. चारच्या नंतर विचारायला कोणी नाही.

तिने कामाला हात घातला. आलेली पत्रं उतरली, गेलेली उतरली. पत्त्यांची यादी उतरवून तिने दोनदा तपासली. तीन वाजत आले तेव्हा थांबलेल्या पत्रांची यादी काढली. चार पत्रं होती. पहिली तीन छपाईच्या कागदाची, पंख्यांची, कसली कसली. चौथ्याचा मथळा इंग्रजीत होता: तात्पुरती ऑपरेटर कु. पी. एन. सोनकुसरे यांच्याबाबत.

काळजात धस्स झालं. अहो, कोणाच्याही झालं असतं. नोव्हेंबरात असाच मथळा तिने पाहिला होता, फक्त नाव उत्तराचं होतं. उत्तरा शेजारच्या खुर्चीवरची. पंधरा दिवसांत ती घरी बसली. आणि सोमवारीच धोंडबा, तो आस्थापनेचा कारकून, जिन्यात कानाशी लागला होता, "साहेबांनं तुझी फाइल मागवली वं. हजेरीपट पण मागवला. काही केलं काय तू?"

काय केलं? जानेवारीत आईचा दमा चढला म्हणून अकरा दिवस सुट्टी घेतली होती. अजून काय! त्या थंड खोलीत, जिथं बाकीचे स्वेटर घालून बसायचे, तिथं तिला घाम फुटला.

तुम्ही म्हणाल, उघडून वाचायचं की मग! एक बटण दाबलं असतं तर सगळं पत्र समोर आलं असतं. पण वाचेल तर ती प्रेमिला कसली. ती सात-आठ वर्षांची असताना तिच्या मोहल्ल्यात पत्र वाचून देणारं माणूस एकच, पानठेलेवाले मारोतराव. कोणाचंही पत्र आलं की ठेल्यावर मोठ्यानं वाचलं जायचं. तिच्या भागीरथा आत्याचं पत्र असंच दहा माणसांत वाचलं गेलं. नवऱ्यानं लिहिलं होतं, परत येऊ नको. आत्या हातात पिशवी घेऊन तिथंच उभी होती आणि माणसं तिच्याकडे वळून पाहत होती. त्या दिवशी या पोरीनं ठरवलं, आपण वाचायला शिकू पण दुसऱ्याचं पत्र उघडणार नाही. मथळा दिसला तो दिसला. आत डोकावणं नाही.

आता मला सांगा, हा शहाणपणा म्हणावा की काय म्हणावं? दुसऱ्याचं पत्र वाचणं पाप, हे तिला कळत होतं. ते मागे ठेवणं काय होतं, तेही कळत होतं. पण डोळ्यांपुढे आई पलंगाची दांडी धरून श्वास ओढत होती.

"मॅडम, हो गया क्या?" कंपनीचा माणूस दारातून ओरडला. "गाडी खडी है नीचे."

"बस, दो मिनट," ती म्हणाली.

तिने पहिल्या पत्राचं नाव टाइप केलं. दुसऱ्याचं. तिसऱ्याचं. मग टेप काढली. तिने काही पुसलं नाही, काही फाडलं नाही. फक्त एक नाव टाइप केलं नाही. चारच्या सुमाराला चार माणसांनी जुनं मशीन जिन्यावरून खाली नेलं आणि ती खिडकीत जीव मुठीत धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "सगळं आलं ना? थांबलेली पत्रं?"

"आली साहेब. लाइन लागली की जातील."

साहेब खूश झाले. एवढे खूश की तिच्या आईच्या दम्याची चौकशी केली, मेडिकल हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरचं नाव लिहून दिलं. तिला आणखीच धडकी भरली. उत्तराशीही असंच गोड बोलत होते. महिनाभर फोन खणखणला की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. दिल्लीहून विचारतील, साहेबांना कळेल, पोलीस येतील. काय काय मनात यायचं बापडीच्या! जेवणाचा डबा तसाच घरी परत जायचा. जनाबाई म्हणायची, "काहून वं माय, भाजी आवडून नाही राहिली का?"

एकतीस मार्चला नवी ऑर्डर आली नाही. दुपारी साहेबांनी बोलावलं.

"बसा," ते म्हणाले. त्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसली.

"एक कायमची जागा निघाली होती," साहेब टेबलाकडे पाहत बोलू लागले. "फेब्रुवारी संपायच्या आत नाव मागवलं होतं. मी तुमचं पाठवलं. फाइल मागवून, हजेरी पाहून, दोन पानं लिहिलं. असं काम करणारं माणूस माझ्याकडे दुसरं नाही, असं लिहिलं. वरून ना हो आलं, ना नाही. जागा भोपाळवाल्यांना गेली आणि तुमची ऑर्डर पण वरूनच थांबली." त्यांनी मान वर केली. एरवी शुद्ध बोलणारा माणूस, पण आवाज घरचा झाला. "माझं वजन कमी पडलं, बाई. माफ करा मले."

प्रेमिलाला खुर्चीचे हात धरावे लागले. चूप राहिली असती तर साहेबांना जन्मात कळलं नसतं. ते दिल्लीला शिव्या देत रिटायर झाले असते आणि तिच्याविषयी चांगलंच बोलत राहिले असते. पण समोर तो माणूस तिची माफी मागून राहिला होता, आणि ते तिला बघवेना.

"साहेब, ते पत्र गेलंच नाही," ती म्हणाली. "मीच मागं ठेवलं. जुन्या मशीनमध्ये."

"काहून?"

"मले वाटलं, उत्तरासारखं मले पण काढून राहिले तुम्ही. वरचं नाव पाहिलं फक्त."

बाहेर धोंडबा कोणाला तरी हाका मारत होता.

"उघडून वाचलं नाही?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. दुसऱ्याचं पत्र होतं."

गजभिये साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दुसऱ्याचं कुठं होतं, बाई," ते म्हणाले, "तुमचंच तर होतं ते."